चुकलेली गाडी आणि देवाची योजना



‘देवाने वाचवले’ हे शब्द आपल्या घरांत किती सहज उच्चारले जातात! दुचाकी घसरली पण हाड मोडले नाही, गाठीचा रिपोर्ट साधा आला, मुलाला शेवटच्या यादीत का होईना कॉलेजात प्रवेश मिळाला, की आपण क्रुसाची खूण करतो आणि देवाचे आभार मानतो. हे चांगलेच आहे. प्रभू येशूनेही आपली शिकवण शेतातून, जाळ्यातून, पिठातल्या खमिरातून आणि हरवलेल्या नाण्यातूनच दिली. रोजच्या अनुभवात श्रद्धेचा अर्थ शोधणे ही ख्रिस्ती माणसाची जुनीच रीत आहे. मात्र तो अर्थ लावताना आपण कधी कधी घाई करतो, आणि त्या घाईत शेजारच्या घराचे मन दुखावते. त्याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

विरार लोकलचेच उदाहरण घेऊ. वसईकराच्या जागेपणातले कितीतरी तास त्या गाडीत जातात. ११ जुलै २००६ रोजी, मंगळवारी संध्याकाळी, चर्चगेटहून उत्तरेकडे निघालेल्या सात लोकल गाड्यांत अकरा मिनिटांच्या आत बॉम्बस्फोट झाले. माटुंग्यापासून मीरा रोडपर्यंत पहिल्या वर्गाचे डबे फाटले. १८० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, शेकडो जखमी झाली. फोन लागत नव्हते. घरोघरी माणसे दाराकडे डोळे लावून बसली होती.

त्यानंतर कितीतरी दिवस चुकलेल्या गाड्यांच्या गोष्टी कानावर येत राहिल्या. कुणाला साहेबाने कामासाठी थांबवून घेतले होते. कुणी मित्राबरोबर चहा घेत बसला होता. कुणाला गर्दीमुळे नेहमीचा डबा सोडून दुसऱ्या डब्यात चढावे लागले होते. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तेच वाक्य असे, देवाने वाचवले. कुणी त्याच्याही पुढे जाऊन म्हणे, आमच्या घरी त्या आठवड्यात नोव्हेना चालू होता, म्हणून वाचलो.

या ‘म्हणून’ शब्दापाशी आपण थांबायला हवे. कारण त्याच दिवशी आणखीही कुणाला साहेबाने लवकर सोडले असेल आणि म्हणूनच त्याला ती गाडी मिळाली असेल. त्याच्याही खिशात कदाचित रोझरी असेल. त्याच्याही घरी आल्तारासमोर दिवा लावून आई बसली असेल. चुकलेली गाडी ही जर देवाची योजना, तर मिळालेली गाडी कुणाची योजना म्हणायची? आपण आपल्या आनंदात जे वाक्य बोलतो, ते वाक्य त्या आईच्या समोर उभे राहून बोलता येईल का? आम्हाला वाटते, कोणत्याही अनुभवातून काढलेला धडा खरा की खोटा हे तपासण्याची ही एक साधी कसोटी आहे.

हा प्रश्न येशूच्या काळीही होता. संत लूक यांच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायाच्या सुरुवातीला, काही लोक येशूकडे एक बातमी घेऊन येतात. पिलाताने काही गालीलकरांना त्यांच्या यज्ञाच्या वेळीच ठार मारले होते. येशू त्यांना आणखी एका दुर्घटनेची आठवण करून देतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे चिरडली गेली होती. मेलेली माणसे यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक अपराधी होती असे तुम्हाला वाटते काय, असे तो विचारतो, आणि स्वतःच ठामपणे नाही म्हणतो. बुरूज का कोसळला हे मात्र तो सांगत नाही. आपण असतो तर काहीतरी कारण नक्की सांगितले असते. बुरुजाच्या गोष्टीतून येशू वाचलेल्यांकडे वळतो आणि त्यांना पश्चात्ताप करायला सांगतो.

कुणी विचारील, मग देव आपली काळजी घेतो हे खोटे काय? मुळीच नाही. चिमण्यांविषयी येशू काय म्हणाला ते आपल्याला ठाऊक आहे. पित्याला सोडून एकही चिमणी जमिनीवर पडत नाही. पण चिमण्या पडतच नाहीत, असे तो म्हणालेला नाही. पडणाऱ्या चिमणीपाशीही पिता असतो, एवढे आश्वासन त्याने दिले. आपल्या मनाला मात्र न पडणारी चिमणी हवी असते.

आणखी एक गोष्ट अधिक गंभीर आहे. येशू क्रुसावर टांगलेला असताना खाली उभे राहून थट्टा करणारे नेमके हेच म्हणत होते, की याचा देवावर भरवसा आहे ना, मग देवाला हा आवडत असेल तर त्याने याला सोडवावे. जो सुटला तो देवाचा आवडता, हा त्यांचा हिशेब होता. त्या हिशेबाने पाहिले तर येशू पित्याचा नावडता ठरतो. गुड फ्रायडेला आपण गुडघे टेकून त्या क्रुसाचे चुंबन घेतो आणि एरवी मात्र तोच हिशेब बोलण्यात वापरतो, याचा विचार व्हायला हवा.

छोट्या गोष्टींतही असेच घडते. मे महिन्याच्या अखेरीस लग्नाचा मंडप पडलेला असतो, आकाश भरून येते आणि पाऊस न पडताच ढग निघून जातात. लग्नघर म्हणते, देवाने लाज राखली. शेजारच्या वाडीत विहिरीने तळ गाठलेला असतो. तिथे माणूस त्याच ढगांकडे वेगळ्या डोळ्यांनी बघत असतो. किनाऱ्यावर सुकत टाकलेल्या बोंबलांच्या मालकिणीचे गाऱ्हाणे तिसरेच. देव सूर्य आणि पाऊस देताना चांगला-वाईट असा भेद करत नाही, हे येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगून ठेवले आहे. आपण मात्र पावसालाही आपल्या घराण्याच्या पुण्याईचे प्रमाणपत्र समजतो.

याच्या उलट टोकाला जाणारेही आहेत. सुशिक्षित तरुण म्हणतात, सगळा योगायोग आहे, आभार कुणाचे मानायचे? त्यांची अडचण आम्हाला समजते, आणि पुष्कळदा आपल्या ‘म्हणून’मुळेच ते तसे बोलू लागलेले असतात. पण आभार मानायला कारण ठाऊक असावेच लागते असे नाही. लहान मूल आईच्या हातचा घास घेते तेव्हा तांदूळ कुठून आला हे त्याला माहीत नसते. माझा जीव आज माझ्याजवळ आहे, तो मी कमावलेला नाही, एवढे मान्य केले तरी आभार खरे होतात. आभार मानणे आणि देवाच्या वतीने खुलासा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपल्याला शोभते. दुसरीचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही.

मयताच्या घरी आपण बोलतो ते आठवून पाहा. चांगली माणसे देवाला लवकर हवी असतात. देवाची इच्छा होती. यातूनही काही चांगलेच निघेल. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, शांतता सहन होत नाही म्हणून तो बोलतो. ईयोबाचे मित्रही वाईट नव्हते. त्याचे दुःख पाहून ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. त्यानंतर ते कारणे सांगू लागले, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावर रागावला तो त्या बोलण्यावर.

रविवारी मिस्साच्या आधी हेतू वाचले जातात, ते आपण बहुधा अर्धवट लक्ष देऊन ऐकतो. अमुक यांच्या यशस्वी शस्त्रक्रियेबद्दल देवाचे आभार. लगेच पुढचे नाव, अमुक यांच्या आत्म्याला चिरशांती. एकाच आजाराची दोन माणसे असू शकतात, एकाच इस्पितळातली, एकाच महिन्यातली. दोन्ही कुटुंबे एकाच मिस्साला बसलेली असतात, कधी एकाच बाकावर. एक भाकर मोडली जाते आणि ती दोघांनाही मिळते. वाचलेल्याला मोठा तुकडा मिळत नाही. ख्रिस्तसभेने या दोन हेतूंसाठी दोन वेगळ्या वेदी मांडलेल्या नाहीत.

शिलोहाच्या बुरुजानंतर येशूने लगेच अंजिराच्या झाडाची गोष्ट सांगितली. तीन वर्षांच्या वाचनचक्रातील तिसऱ्या वर्षी, प्रायश्चित्तकाळाच्या तिसऱ्या रविवारी ही दोन्ही वाचने आपण एकत्रच ऐकतो. मळ्याचा मालक फळ न देणारे झाड तोडायला सांगतो. माळी म्हणतो, एक वर्ष राहू द्या, मी आळे खणतो, खत घालतो. वाडीत राबलेल्या माणसाला हे काम काय असते ते सांगायला नको. झाड वाचले ते इतर झाडांपेक्षा चांगले होते म्हणून नाही. त्याला मुदत मिळाली.

ज्याची गाडी चुकली त्यालाही मुदत मिळाली आहे. ती कशी वापरायची हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. सातव्या दिवसाची मिस्सा झाली की मयताच्या घरची वर्दळ ओसरते. नंतरच्या महिन्यांत त्या घरात बँकेचे आणि वारसाचे कागद येतात, मुलांच्या फीची तारीख येते, नळ गळतो, आणि संध्याकाळी गाडीच्या वेळेला कुणीतरी उगाच दाराशी येऊन उभे राहते. त्या वेळी जाऊन बसता येईल. सोबत वाडीतली चार केळी न्यावीत. बोलायला काही सुचले नाही तरी चालेल.