पाठ आणि प्रत

भगवान बुद्धांची वचने शतकानुशतके लिहिलेलीच नव्हती. भिक्षू ती पाठ करीत, एकत्र बसून म्हणत. एकाचे चुकले तर दुसरा सावरी. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात श्रीलंकेत दुष्काळ व लढाया आल्या. पाठ असणारेच मेले तर उपदेशही त्यांच्याबरोबर जाईल, या धास्तीने त्रिपिटक ताडपत्रांवर लिहिले गेले. पुढे ब्रह्मदेशाच्या मिंडोन राजाने १८६० च्या दशकात मंडाले येथे ते ७२९ संगमरवरी शिळांवर कोरून घेतले. (शिळा अजून उभ्या आहेत, वाचणारे किती, कोण जाणे!) संपूर्ण कुराण मुखोद्गत असलेले हाफिज तर आजही आहेत.

इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितले. म्हणून ते ग्रंथ आपल्याला बायबलच्या जागी येत नाहीत. पण त्या भिक्षूंची धास्ती आपलीही असायला हवी. शुभवर्तमानदेखील आधी तोंडी सांगितले गेले, मग लिहिले गेले. आज घरोघरी बायबल आहे, बहुधा काचेच्या कपाटात. ते नसते, तर गेल्या रविवारचे शुभवर्तमान मुलांना आपल्या शब्दांत सांगता आले असते का?