लक्ष्मीची अट

जगन्नाथ नेमका कोणाचा, हा प्रश्न ओडिया साहित्याने शतकानुशतकं मिटू दिलेला नाही. मंदिर राजांनी बांधलं, पूजेचे मानपान ठरले. पण देवावरचा हक्क कवी पुन्हा पुन्हा तपासत राहिले.

पंधराव्या शतकात, गजपती कपिलेंद्रदेवाच्या काळात, सारळा दासांनी ओडियात महाभारत रचलं. स्वतःला ते शूद्रमुनी म्हणवत. त्यांच्या कथेत जरा शबराच्या बाणाने कृष्णाचा अंत होतो, पण देह चितेवर पूर्ण जळत नाही. तो समुद्रात सोडला जातो आणि पुढे पुरीला जगन्नाथ म्हणून पुजला जातो. या देवाच्या जन्मकथेतच शबर आहे. मंदिरातले दैतापती सेवक आजही आपलं मूळ आख्यायिकेतल्या शबर विश्वावसूशी जोडतात, आणि स्नानयात्रेनंतर देव ‘आजारी’ पडतो तेव्हा त्याची सेवा त्यांच्याकडेच असते.

सोळाव्या शतकात ‘पंचसखा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाच कवींनी हा धागा पुढे नेला. जगन्नाथ दासांनी भागवत ओडियात आणलं, तेव्हा पंडितांनी ‘तेली भागवत’ म्हणून त्याची हेटाळणी केली. लोकांनी मात्र ते उचलून धरलं. गावोगाव भागवत टुंगी उभ्या राहिल्या आणि तिथे पोथी वाचली जाऊ लागली. शास्त्र ऐकायला संस्कृत यावं लागतं, ही अट तिथे गळून पडली.

पंचसखांपैकीच बलराम दासांच्या ‘लक्ष्मी पुराणा’ने थेट पंगतीलाच हात घातला. मार्गशीर्षातल्या गुरुवारी, आपल्याकडे महालक्ष्मीचा घट मांडतात त्याच दिवशी, ओडिशातल्या घरांत हे पुराण वाचतात. लक्ष्मी नगरफेरीला निघते. श्रिया चांडाळणीने शेणाने घर सारवून, तांदळाच्या पिठाने रांगोळी काढून पूजा मांडलेली असते. लक्ष्मी प्रसन्न होऊन तिच्या घरात पाऊल टाकते. हे कळताच जगन्नाथाचा थोरला भाऊ बलभद्र संतापतो आणि त्याच्या शब्दाखातर जगन्नाथ बायकोला घराबाहेर काढतो. ती शाप देऊन जाते. दोघे भाऊ अन्नाला महाग होतात, दारोदार भीक मागतात. अखेर समुद्रकाठच्या एका घरी पोचतात. घर चांडाळणीचं आहे असं सांगितलं जातं. आधी ते शिधा घेऊन स्वतः रांधायला बसतात, पण चूल पेटत नाही. शेवटी तिच्या हातचं जेवायला तयार होतात, आणि चवीवरून ओळखतात की ही लक्ष्मीच आहे. परत यायला ती अट घालते: चांडाळापासून ब्राह्मणापर्यंत सर्वांनी महाप्रसाद एकत्र खावा. पुरीच्या मंदिरातल्या आनंदबाजारात जात न विचारता महाप्रसाद खाण्याची रीत आहे. तिच्यामागे लोक हीच कथा सांगतात.

तरीही कथेतली अट मंदिराच्या उंबरठ्याला लागू झाली नाही. अनेक जातींना प्रवेश नाकारला जात राहिला. एकोणिसाव्या शतकात कंध समाजातले मानले जाणारे कवी भीमा भोई महिमा धर्म या पंथाच्या वाटेने ‘अलेख’ या निराकार देवाची स्तुती गाऊ लागले. ज्या देवाला मंदिर लागत नाही, त्याच्या दारात कोणाला अडवणार? 1881मध्ये याच पंथाचे काही अनुयायी जगन्नाथाची मूर्ती जाळण्याच्या इराद्याने पुरीच्या मंदिरात शिरले, अशी नोंद आहे. समान हक्काचं आश्वासन आणि प्रत्यक्ष वागणूक यांतलं अंतर किती असह्य झालं होतं, हे त्यातून कळतं.

सारळा दासांनी देवाच्या कुळात शबराला आणलं, जगन्नाथ दासांनी शास्त्र गावाच्या हाती दिलं, बलराम दासांनी देवालाच उपाशी ठेवून धडा शिकवला, आणि भीमा भोईंनी मंदिराची गरजच नाकारली. या चौघांना मी वारशाचे खरे वारसदार मानतो, कारण त्यांनी परंपरेचं मोठेपण गायलं तसा तिला जाबही विचारला. वारशाचा अभिमान बाळगणाऱ्याने लक्ष्मीची ती अट आधी आपल्या घराला लावून बघावी: आपल्या पंगतीला कोण बसतं, आणि आपण कोणाकडे जेवतो. मार्गशीर्षातल्या एखाद्या गुरुवारी आपल्या घरांतही श्रियेची कथा वाचायला हवी.