सामानाजवळ राहिलेले

शास्त्रवाचन : १ शमुवेल ३०:९-२५, ३ योहान ५-८



सिकलाग जळून राख झाले होते. दावीद व त्याची सहाशे माणसे धरून नेलेल्या बायकामुलांच्या शोधात अमालेक्यांच्या मागे निघाली. परंतु बसोर ओहोळापाशी येताच दोनशे जणांचे पाय उचलेनात. ते तेथेच सामानाजवळ थांबले. बाकीचे चारशे पुढे गेले, लढले व सर्व काही सोडवून घेऊन परतले. तेव्हा त्यांच्यातील काही दुष्ट माणसे कुरकुरू लागली, की जे आलेच नाहीत त्यांना लुटीचा वाटा कशाला? दाविदाने ते मानले नाही. लढाईस जाणारा व सामान राखणारा या दोघांना सारखा वाटा, असा नियमच त्याने इस्राएलास लावून दिला.

परदेशी सेवेस गेलेल्या मिशनऱ्यांचा विषय निघाला की मला हा ओहोळ आठवतो. आपल्यापैकी बहुतेक जण समुद्रापलीकडे कधी जाणार नाहीत. आपण ओहोळाच्या अलीकडचे लोक आहोत. तेव्हा आपल्यापुढे प्रश्न एवढाच आहे : आपण सामान राखतो, की नुसते बसून राहतो?

२ ऑक्टोबर १७९२ रोजी इंग्लंडातील केटरिंग गावी एका विधवेच्या घरी काही बाप्तिस्त पाळक जमले. सर्वांनी मिळून तेरा पौंड दोन शिलिंग सहा पेन्स देण्याचे वचन दिले. त्यांच्या मिशनची ही पहिली पुंजी. पुढच्या वर्षी विल्यम केरी बंगालला निघाला, आणि त्या गावचा पाळक अँड्र्यू फुलर मागे राहिला. खोल खाणीत उतरणाऱ्याचा दोर वर कोणीतरी धरला पाहिजे, हे त्याने ओळखले होते. आपली मंडळी सांभाळून तो गावोगाव वर्गणीसाठी हिंडला, पत्रे लिहीत राहिला. १८१५ साली मृत्यू आला तेव्हाच तो दोर त्याच्या हातून सुटला. त्या दोघांची पुन्हा भेट झाली नाही. परंतु १८११ साली बंगालमधील श्रीरामपूरहून मराठी नवा करार छापून निघाला. त्या कामाशी आपण केरीचे नाव जोडतो. फुलरचे नाव कितीजण घेतात? देवाच्या हिशेबात मात्र दोघांचा वाटा सारखा आहे.

कोणी म्हणेल, ती विलायतेची गोष्ट झाली. आम्ही कापूस आणि ज्वारीवर जगणारी माणसे. तर आपल्याच देशाकडे पाहू. १९०३ साली तिरुनेलवेलीच्या ख्रिस्ती बांधवांनी आपली माणसे व आपलाच पैसा घेऊन मिशनरी सोसायटी स्थापन केली. त्यांनी आपले सेवक पाठवले ते आज आपण राहतो त्या तेलंगणात, दोर्नकलला. त्या काळी तेथे निजामाचे राज्य होते, आणि तमिळ माणसाला तेलुगू ही परकीच भाषा. १९०९ साली वेदनायकम अझरया स्वतः त्या सेवेस येऊन राहिले. तिकडे मिझोराममध्ये १९१० सालापासून ख्रिस्ती स्त्रिया स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ प्रभूसाठी बाजूला काढू लागल्या. त्या मुठीवर तेथील मंडळ्यांनी दूरदूर सेवक पाठवले आहेत. पाठवणारी मंडळी श्रीमंत असावी लागते असे नाही. तिला आठवण असावी लागते.

आठवणीविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती माझ्याच चुकीची आहे. नार्नूर भागातील आमच्या लहान मंडळीतून एक तरुण व त्याची पत्नी परदेशी सेवेस गेली. निरोपाच्या उपासनेस मंडप घातला, हार घातले, गीते गाइली. मी तेव्हा खजिनदार होतो. ठरलेली वर्गणी दर महिन्यास संस्थेकडे पाठवीत होतो व वहीत बिनचूक लिहीत होतो. दुसऱ्या वर्षी त्याचे पत्र आले. पैशाबद्दल आभार मानून शेवटी त्याने भीत भीत विचारले होते, की माझ्या आईकडे कोणी जाते का?

ते पत्र हातात घेऊन मी त्या घरी गेलो. वेचणीचे दिवस होते. वस्ती सगळी शेतात. म्हातारी तापाने फणफणून खाटेवर पडली होती. कोपऱ्यातला माठ कोरडा होता. मला पाहून ती म्हणाली, “बाबा, माझ्या लेकाचं काही वाईट तर आलं नाही ना?” मंडळीचा माणूस दारी येतो तो वाईट बातमी घेऊनच, असे तिला वाटावे! मी वही चोख ठेवली होती. सामान मात्र राखले नव्हते. आम्ही तिला उतनूरला दवाखान्यात नेले. ती बरी झाली. त्यानंतर मंडळीतल्या बहिणींनी पाळी लावून घेतली, आणि ती शेवटपर्यंत चालली.

सामान म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले. गेलेल्याने मागे ठेवलेले सर्व काही म्हणजे सामान : म्हातारे आईबाप, शिकणारी मुले, पडके घर, वाट्याची शेती. जो तेथे सुवार्ता सांगतो त्याचे अर्धे मन या ओहोळाशी अडकलेले असते. ते मन मोकळे करणे हीसुद्धा सुवार्तेची सेवा आहे. गायसाने परक्या सेवकांवर प्रीती केली, याची योहानाने वाखाणणी केली व देवाला शोभेल अशी त्यांची पाठवणी करावी, असे त्याला सांगितले. असे करणारे सत्याच्या कामात भागीदार होतात, असे तो शिकवतो.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. वर्गात नकाशा लावा व आपला मिशनरी आहे त्या जागी खूण करा. मुलांकडून त्याला पत्र लिहवून घ्या. प्रार्थनेत “सर्व मिशनऱ्यांना आशीर्वाद दे” एवढ्यावर थांबू नका. नाव घ्या, त्याच्या मुलांची नावे घ्या. मंडळीच्या पंचांनीही वर्गणीच्या वहीत आणखी एक रकाना आखावा : या महिन्यात त्याच्या घरी कोण गेले?

हे प्रभू, जे दूर गेले त्यांना बळ दे. जे आम्ही मागे राहिलो त्या आम्हांला जागे ठेव. आमच्या स्वाधीन केलेले आम्ही राखावे, आणि तुझ्या आनंदाच्या दिवशी दोघांनी मिळून वाटा घ्यावा, असे कर. येशूच्या नावाने मागतो. आमेन.