रोग्यास किती आशा द्यावी?

भंडारा जिल्ह्यात धानाची बांधी गहाण टाकून कर्करोगाचा रोगी नागपुरास नेणारी कुटुंबे आहेत. त्यांस कोणी धीर देतो की, आता निघालेले सूक्ष्म औषध थेट गाठीतच जाते. असे सांगणे योग्य काय, याचा विचार आम्हांस अगत्याचा वाटतो.

औषध खोटे नव्हे. डॉक्सोरुबिसिन गाठीस मारते, तशी हृदयासही इजा करते. म्हणून ते मिलिमीटरच्या सुमारे दहाहजाराव्या हिश्श्याएवढ्या स्निग्ध कुप्यांत भरतात. अमेरिकेने हे १९९५ साली मान्य केले. २०१२ साली तेथे तुटवडा पडला, तेव्हा मुंबईच्या सन फार्मा कंपनीचे औषध तिकडे गेले.

तथापि २०१६ साली टोरांटोच्या शास्त्रज्ञांनी प्राण्यांवरील दहा वर्षांचे प्रयोग तपासले, तेव्हा अशा कणांचा शेकडा एक भागही बहुधा गाठीत पोहोचत नाही, असे दिसले. पुष्कळसे कण यकृत व प्लीहा अडवितात. खरा लाभ हृदय वाचण्याचा, आणि तो थोडका नव्हे. मग तेवढेच का सांगू नये? दयेपोटी वाढविलेल्या शब्दावर बांधी गेली, तर त्या दयेस काय म्हणावे?

उपदेशक बंधूंनी रोग्याबरोबर जाऊन, या औषधाने काय होईल व काय होणार नाही, हे डॉक्टरांस विचारावे. आणि तेही कर्ज काढण्यापूर्वी.