करडईचा काटा



काटा दिसला की आपण त्याला वाईट ठरवतो. आदामाच्या पापानंतर भूमीने काटेकुसळे उगवली, असे उत्पत्तीच्या पुस्तकात (३:१८) आपण ऐकतो. मग काटा हा नेहमी वाईटच का?

आपल्या नगर जिल्ह्यातील रब्बीचे शेत आठवू या. ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी पेरायची रीत जुनी आहे. करडई कोवळी असते तेव्हा तिची भाजी आपण भाकरीबरोबर खातो. फुलोऱ्यापर्यंत पाने आणि बोंडे काटेरी होतात. मग जनावर सहसा आत शिरत नाही. तो काटा ज्वारी राखतो, आणि त्याच बोंडातले बी घाण्याला तेल देते.

आता गाजरगवत पाहा. काटा नाही, फुले पांढरी, नाजूक. १९५० च्या दशकात ते पुण्यात लोकांच्या लक्षात आले आणि पुढे देशभर पसरले. ते उपटणाऱ्याच्या अंगाला खाज सुटते, काहींना धाप लागते. करडई, गाजरगवत, झेंडू, शेवंती, सूर्यफूल ही सारी एकाच कुळातली. येशूने झाडाची ओळख फळावरून सांगितली (मत्तय ७:१६), ती येथे पटते.

माणसांचेही तसेच. बचतगटात हिशेब मागणारी बाई, लग्नात दारू नको म्हणून अडून बसणारा चुलता, यांना आपण काटेरी म्हणतो. गोड बोलून कोऱ्या कागदावर अंगठा घेणारा मात्र भला वाटतो.

पण म्हणून प्रत्येक कठोर शब्द पुण्याचा होत नाही. करडई काढताना रक्त मजुराच्या हाताला येते. म्हणून जाणते शेतकरी काढणी पहाटे, दवाने काटे मऊ असताना करतात आणि हाताला फडके बांधतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने तर बिनकाट्याचे वाण तयार केले. काटा उपयोगी असला तरी त्याची किंमत दुसराच मोजतो, हे विसरून चालत नाही.

तेव्हा बोलण्याआधी स्वतःला विचारू या: आपला कठोर शब्द कोणाचे धान्य राखतो? फक्त आपला मान राखत असेल, तर तो गिळावा. दुबळ्याचे राखत असेल, तर जरूर बोलावा. मात्र वेळ पाहून, समोरच्याचा हात सांभाळून.

आणि ज्यांना आपण काटेरी म्हणून दूर ठेवले, त्यांच्या आड कोणाचे पीक सुखरूप उभे आहे, हेही या आठवड्यात पाहू या.