हवेचा आधार

ओझं जास्त झालं की गाडी मागून बसते. ते तिचं बोलणं असतं. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ व्हायची, पुढे झाला की धुरजड. बैलाची मानच सांगायची, मग पोती सरकवावी लागत, नाहीतर उतरवावी लागत.

आता पोरं फोर बाय फोरच्या मागच्या गोल स्प्रिंगांत हवेच्या पिशव्या घरीच बसवतात. गाडी जॅकने उचलून स्टँडवर टेकवायची, स्प्रिंगच्या आतला रबरी ठोकळा काढायचा, पिशवी चपटी करून आत सरकवायची, नळी सायलेन्सरपासून लांबून न्यायची. दोन्ही बाजूंच्या नळ्या वेगळ्या ठेवाव्यात, नाहीतर वळणावर एकीतली हवा दुसरीत पळते. हवा साधारण ५ ते ३५ पौंड.

पुतण्यानं हे केलं आणि म्हणाला, "काका, आता कितीबी भरा, दबणार नाही."

दबली नाही म्हणून वजन कुठं गेलं? एक्सल तोच, ब्रेक तेच, टायर तेच. आरसी बुकातला आकडाही तोच. मापातल्या ओझ्याला पिशवी चांगलीच; गाडी सपाट राहते, समोरच्याच्या डोळ्यांत दिवे जात नाहीत. मापाबाहेरच्या ओझ्याला मात्र ती गाडीचं तोंड दाबते. मग घाटात ब्रेक कमी पडले, तर भोगतो तो समोरून येणारा. त्याला कुणी विचारलेलं नसतं.

घरातल्या कर्त्या माणसाचंही असंच करतो आपण. तो वाकत नाही म्हणून आणखी एक पोतं चढवतो.

पुतण्याला म्हटलं, "आधी वजनकाट्यावर जा. हवा मग भर."