चुल्लपंथकाचं फडकं

अजिंठा गावातल्या शाळेत चौथीत एक मुलगा होता. दहाव्या लेण्यातल्या सहा सुळ्यांच्या हत्तीची गोष्ट त्याने एकदाच ऐकली आणि घरी येऊन शेवटपर्यंत सांगितली. पुस्तक उघडलं की मात्र ‘घर’चं ‘धर’ व्हायचं, ‘भात’चा ‘मात’. पहिली वेलांटी तर त्याला छळायचीच, कारण ती दिसते अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. पोरं त्याला ‘ढ’ म्हणत.

वडील शाळेत आले. “बाई, याचं डोकंच चालत न्हाई. औंदा कापूस वेचायला नेतो याला.”

बाईंनी त्यांना बसवून घेतलं. “भाऊ, लेण्यांच्या भिंतींवर जातककथा रंगवल्यात ना? त्याच जातकांतल्या चौथ्या कथेच्या सुरुवातीला दोन भावांची गोष्ट येते. दोघे भिक्खू झाले. थोरला महापंथक हुशार. धाकट्या चुल्लपंथकाला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. पुढचं घोकलं की मागचं पुसलं जाई. थोरला चिडून म्हणाला, ‘तुला जमायचं नाही, घरी जा.’ तो रडत निघाला, तर बुद्धांनी त्याला अडवलं. नवी गाथा दिली नाही. एक स्वच्छ पांढरं फडकं दिलं आणि सांगितलं, पूर्वेकडे तोंड करून बस, हे चोळत राहा आणि ‘रजोहरणं’, म्हणजे ‘मळ काढणारं’, एवढंच म्हण. हातात फडकं मळत गेलं. काहीच जसंच्या तसं टिकत नाही, हे त्याला त्या मळातून उमगलं, आणि तो अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त झाला.”

“मग याला काय द्यायचं?” वडिलांनी विचारलं.

“वाळू.”

बाईंनी ताटात वाळू पसरली. मुलाने बोटाने मोठा ‘घ’ काढायचा, काढताना तोंडाने तोच आवाज म्हणायचा. ‘घ’ पक्का होईतो ‘ध’ला हात लावायचा नाही. शब्द टाळ्या वाजवत फोडायचा: क, म, ळ. वेलांटी लाल खडूने. सगळ्या वर्गासमोर वाचायला उभं करायचं नाही. घरी आई शेजारी बसायची. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं, पण ती रोज ऐकायची.

महापंथक दुष्ट नव्हता. त्याला शिकवण्याची एकच रीत ठाऊक होती, आणि त्या रितीत न बसणारा भाऊ त्याला मंद वाटला. आपणही वर्गावर्गांत हेच करतो. मूल बिघडलंय असं ठरवण्याआधी रीत बदलून पाहायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

तो मुलगा आजही सावकाश वाचतो, पण स्वतः वाचतो.

अशा अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालं, तर दहावी-बारावीच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. तुमच्या घरात किंवा वर्गात असं मूल असेल, तर शाळा सोडवण्याआधी त्याची तपासणी करून घ्या.